उलटं फिरणारं चाक

थर्माकोलचा ज्वालामुखी यंदाही आला. डिसेंबर लागला की डोंबिवलीतल्या स्टेशनरीच्या दुकानांबाहेर तो टांगला जातो, प्लॅस्टिकच्या पिशवीत, वरच्या तोंडाला लाल रंग फासलेला. त्याच्या शेजारी ठिबक सिंचन, पलीकडे इंजेक्शनच्या नळ्यांवर उचलली जाणारी क्रेन, आणि सगळ्यांच्या पुढे पाटी : ‘वर्किंग मॉडेल तयार मिळतील. नाव घालून देऊ.’ थर्माकोलवर बंदी आहे म्हणे. असेल, ज्वालामुखीला ती लागू नसावी. गेल्या आठवड्यात शाळेतून परतताना मी त्या पाटीपुढे उभी राहिले ती राहिलेच. माझा चेहरा कसा झाला होता कोण जाणे, दुकानदार आपणहून म्हणाला, “बोला मॅडम, कितवीचं पाहिजे?”

कितवीचं पाहिजे! गणवेशाच्या मापासारखं विज्ञानही आता इयत्तेप्रमाणे मिळतं. “काही नको,” असं म्हणून मी तरातरा निघाले, आणि घरी पोचेपर्यंत त्या बिचाऱ्याला मनातल्या मनात नको नको ते बोलले. तो काय करणार? शाळा मागतात, आईबाप विकत घेतात, तो विकतो. माझा राग त्याच्यावर नाहीच. माझा राग चार वर्षांपूर्वीच्या एका हिवाळ्याचा आहे आणि तो दर वर्षी मटारासोबत बाजारात येतो.

त्या हिवाळ्यात माझी मुलगी सानिका सातवीत होती. नवरा नोकरीसाठी परगावी. मी कल्याणच्या एका शाळेत इतिहास शिकवते, तेव्हाही शिकवायचे. घरात आणखी एक माणूस आलेलं होतं, माझे वडील, अण्णा. ते एरवी ठाण्याला, कोपरीच्या आपल्या दोन खोल्यांत एकटे राहतात आणि तिथून हलायचं नाव काढत नाहीत. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, डोळ्यात थेंब घालायला कुणीतरी हवं, म्हणून मी त्यांना ओढून आणलं होतं. काळा चष्मा लावून ते आमच्या हॉलमध्ये खुर्चीवर बसून असायचे. पेपर वाचायचा नाही, टीव्ही बघायचा नाही, अशी डॉक्टरांची ताकीद. अण्णांनी वागळे इस्टेटमधल्या एका कारखान्यात चौतीस वर्षं गिअर कापले. एवढी वर्षं मशीनपुढे उभं राहिलेल्या माणसाला खुर्चीत नुसतं बसायला लावणं म्हणजे शिक्षाच होती.

त्या शिक्षेतून त्यांना सोडवलं सानिकाच्या गाडीने. तिच्या आत्याने तिला जोडायच्या ठोकळ्यांचा एक मोठा डबा पाठवला होता. त्यात ठोकळे तर होतेच, शिवाय मोटर, बॅटरीचा डबा, दांडे, आणि निरनिराळ्या मापांचे गिअर. पोरीने त्यातून गाडी बनवायला घेतली. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनासाठी वगैरे नव्हे, उगाच. प्रदर्शन नंतर आलं. आधी होती ती हॉलच्या थंडगार फरशीवर पालथी पडलेली मुलगी, मोटरची घुंईं, तापलेल्या प्लॅस्टिकचा वास आणि माझ्यापुढे मटारच्या शेंगांचा ढीग. आजही मटार सोलायला घेतले की मला त्या मोटरचा आवाज येतो.

गाडी सरळ छान धावायची, पण वळायची नाही. पुढची चाकं पार वळवलेली असली तरी ती आपली नाकासमोर जाऊन चपलांच्या रॅकवर आदळायची. सानिकाने स्टिअरिंग तीनदा मोडून तीनदा जोडलं. चौथ्या वेळी ती रडकुंडीला आली तेव्हा काळ्या चष्म्यामागून अण्णा म्हणाले, “स्टिअरिंगला काय झालेलं नाही. मागचं चाक घसटतंय. आवाज ऐक.”

“कुठलं चाक?”

“दोन्ही. मागे रॉड एकच आहे ना, आरपार?”

“हो.”

“मग कशी वळेल? आई कुठंय तुझी? दोघी उभ्या राहा बघू.”

आणि मला, मटार सोलता सोलता उठवून, त्यांनी सानिकाच्या दंडात दंड अडकवायला लावला. जेवणाच्या टेबलाभोवती दोघींनी वळायचं, पण पावलं बरोबरीने टाकायची. सानिका आतल्या बाजूला, मी बाहेरच्या. दुसऱ्या पावलाला मी खुर्चीवर आपटले. अण्णा खूश. “आता कवायतीत वळतात तसं वळा. आतल्याने जागच्या जागी पाय मारायचे, बाहेरच्याने लांब टांगा टाकायच्या.” वळलो की झकास! बाहेरच्या चाकाला जास्त रस्ता कापायचा असतो, आतल्याला कमी, एवढी साधी गोष्ट. दोघांना एकाच दांड्यात जखडलं तर दोघंही फरफटतात. दोघांना आपापल्या चालीने चालू द्यायचं आणि तरी दोघांना एकाच मोटरचं बळ द्यायचं, त्यासाठी मधे एक पेटी असते आणि पेटीत तिरप्या दात्यांचे लहान गिअर, म्हणजे बेव्हल, एकमेकांत अडकवलेले असतात. तिला डिफरन्शियल म्हणतात. चाळिशी ओलांडेपर्यंत मला हे माहीत नव्हतं, आणि मी ज्याचं बोट धरून वाढले त्या माणसाने जन्मभर तेच कापलं होतं. याचाही मला राग येतो, पण तो कुणावर काढायचा ते कळत नाही.

डब्यात पेटी होती, आतले गिअर पुरेसे नव्हते. आम्ही दोघी खेळण्यांच्या मोठ्या दुकानात गेलो. काउंटरवरच्या माणसाने माझ्याकडे बघून विचारलं, “मुलगा कितवीत आहे?” मुलगी आहे म्हटल्यावर म्हणाला, “मग तिकडे बघा ना मॅडम, किचन सेटमध्ये नवीन आलंय.” सातवीतल्या मुलीला किचन सेट! मी तोंड उघडायच्या आत सानिका काउंटरला हनुवटी टेकवून म्हणाली, “काका, बारा दात्यांचे बेव्हल सुटे मिळतात का?” काकांना ‘बेव्हल’ हा शब्दच माहीत नव्हता. पोरीने स्वतः आत जाऊन, खोक्याखोक्यांतून शोधून, तीन आणले.

त्या तिनांपैकी एक दुसऱ्याच दिवशी हरवला. घर उलथंपालथं केलं. सापडला तो रात्री जेवताना, मटारच्या उसळीत, अण्णांच्या तोंडात. त्यांनी तो बाहेर काढून बोटांनी चाचपला आणि शांतपणे म्हणाले, “मला वाटलं, दाढ पडली.” सानिकाने तो धुऊन लगेच पेटीत बसवला. त्यानंतर बरेच दिवस त्या गाडीला गरम मसाल्याचा वास यायचा.

तरी अडचणी संपेनात. चढावर गाडी चढवली की आतून कटकटकट असा आवाज व्हायचा. जोर आला की चौकट जराशी वाकायची, गिअर एकमेकांपासून सुटायचे आणि दाते घसरायचे. सानिकाने पेटीच्या दोन्ही बाजूंना आडवे दांडे मारून ती आवळून टाकली. मग हाव सुटली, चारही चाकं ओढणारी पाहिजेत. पुढेही एक पेटी बसवली, बटण दाबलं आणि गाडी जागच्या जागी नुसती थरथरायला लागली. पुढची चाकं मागे जायला बघत होती, मागची पुढे. अण्णांना आवाजावरूनच कळलं होतं की पुढची पेटी उलट्या अंगाने बसलीय. पण ते सांगेनात. पोरगी दोन दिवस त्या गाडीशी झटत होती. मला बघवेना. मी चिडले, “अहो अण्णा, सांगून टाका ना एकदाचं!”

“मी सांगितलं तर ते माझं होईल,” ते म्हणाले. “तिचं राहणार नाही.”

तिसऱ्या दिवशी दुपारी हॉलमधून अशी किंकाळी आली की शेजारच्या काकूंनी दार वाजवलं. गाडी चारही चाकांवर अण्णांच्या चपलेवरून चढून पलीकडे उतरली होती.

त्या दिवसांतलं रोजचं एक काम होतं, अण्णांनी लावून दिलेलं. संध्याकाळी, दिवे लागले की, मोटर बंद करायची, गाडी उचलायची आणि मागचं एक चाक बोटाने पुढे फिरवायचं. दुसरं चाक मागे फिरलं पाहिजे. “फिरलं? पास,” अण्णा म्हणायचे. “दोन्ही एकाच बाजूला फिरली तर समजायचं, आत काहीतरी अडकलंय. कारखान्यात आम्ही हेच बघायचो.” मी स्वतः भाजी ढवळता ढवळता कितीतरी वेळा ते चाक फिरवलंय. एक पुढे, दुसरं मागे. मला त्याची गंमत वाटायची. हे मी मुद्दाम सांगून ठेवतेय, कारण पुढे मला ‘माहीत नव्हतं’ म्हणायला जागा राहू नये.

आमच्या रस्त्यांवर राग काढायचा तर वेगळा लेख लिहावा लागेल. पावसाळा सरून तीन महिने झाले तरी खड्डे जागच्या जागी. अशाच एका खड्ड्यात, पाइपलाइनच्या फुटलेल्या पाण्याने झालेल्या चिखलात, आमची रिक्षा रुतली. मागचं एक चाक चिखलात गरागरा फिरतंय, दुसरं कोरड्या डांबरावर ढिम्म. मी कपाळाला हात लावला, आणि सानिका खाली उतरून, गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून बघत आनंदाने ओरडली, “आई, बघ बघ! डिफरन्शियल!”

रिक्षावाला आगरी, पन्नाशीचा. त्याने एकदा पोरीकडे बघितलं, एकदा चाकाकडे. “बराबर बोलतंय तुमची पोर,” तो मला म्हणाला. “यो चाक मोकला सुटला का तो सगला जोर खातो न् दुसरा बसून राहतो. तुमी जरा मागशी धक्का मारा, ताई.” मी साडीचा काठ खोचून धक्का मारला. रिक्षा निघाली. उरलेल्या वाटेत ते दोघं क्राऊन आणि पिनियन, म्हणजे पेटी फिरवणारा मोठा आणि छोटा गिअर, याच विषयावर बोलत होते.

आणि मग प्रदर्शन आलं. तिच्या शाळेने तिची गाडी निवडून पुढे पाठवली. कल्याणच्या एका शाळेच्या हॉलमध्ये दोन दिवस होतं ते. पहिल्या दिवशी परीक्षक सगळं बघून जाणार, सूचना देणार, दुसऱ्या दिवशी पुन्हा बघून निकाल लावणार. टेबलांना निळं कापड, कोपऱ्यात स्पीकरवर सनई. तिच्या डाव्या हाताला एक ज्वालामुखी होता, उजव्या हाताला दुसरा ज्वालामुखी. मधे माझी पोर, दोन वेण्या, हाताने काढलेला तक्ता आणि खडूने जमिनीवर आखलेला इंग्रजी आठ. गाडी त्या आठावरून हलके वळत जायची, मधे सानिका चाकं दुसऱ्या बाजूला वळवायची, गाडी परत यायची. पोरं कौतुकाने बघत होती.

परीक्षक आले. माणूस सज्जन होता, हे कबूल करायला हवं. गोड बोलत होता. त्यांना आठ बघायचा नव्हता, वेळ नव्हता. त्यांनी गाडी उचलली, उलटी केली आणि बोटाने मागचं एक चाक फिरवलं. दुसरं उलटं फिरलं. त्यांनी पुन्हा फिरवलं. मग चष्मा कपाळावर चढवला.

“बेटा, ही तर चूक आहे. एक चाक पुढे जातंय, एक मागे.”

“सर, ते तसंच असतं,” सानिका म्हणाली. “म्हणजे, तसं फिरलं तर ते बरोबर आहे. डिफरन्शियल आहे ना आत.”

“असं कसं असेल? एक चाक पुढे, एक मागे गेलं तर गाडी फाटेल की मधोमध!” आजूबाजूचे हसले. ज्वालामुखींचे पालक जास्त हसले.

“सर, मोटर बंद असते तेव्हा तसं होतं. चालू केली की दोन्ही पुढेच जातात. मी दाखवते ना, आठावर...”

“सुधारणा करून आण उद्या. कल्पना छान आहे.” आणि त्यांनी कागदावर तसं लिहिलंसुद्धा : ‘मागील चाके परस्परविरुद्ध दिशेने फिरतात. दोष दूर करावा.’

बाहेर, हॉलच्या फाटकाशी, रिक्षांची रांग उभी होती. वीस-पंचवीस तरी असतील. त्यातल्या कुणाही रिक्षावाल्याला हाताला धरून आत आणलं असतं तर त्याने परीक्षकांना दोन मिनिटांत समजावून सांगितलं असतं. पण रिक्षावाल्यांना परीक्षक म्हणून बोलावत नाहीत. बोलावतात कुणाला, तर ज्यांना कुणी कधी ‘तुमचं चुकतंय’ म्हणालेलं नाही अशांना. या गोष्टीचा संताप मला आजही तसाच्या तसा येतो. ज्या खुणेवरून माझ्या बापाने चौतीस वर्षं माल पास केला, त्याच खुणेवर माझ्या पोरीला नापास केलं! आणि वर ‘बेटा’ म्हणून!

ही गोष्ट मी आमच्या स्टाफरूममध्ये कितीतरी वेळा सांगितली आहे. चाकाची नक्कल करून, चष्मा कपाळावर चढवून. सगळे हळहळतात, व्यवस्थेला शिव्या देतात, कुणीतरी चहा मागवतं. गोष्ट मी नेहमी इथेच थांबवते. आज पुढची सांगते.

सानिका तेव्हा माझ्याकडे वळली होती. मी तिच्या मागेच उभी होते, तिची पाण्याची बाटली धरून. तिला बाकी काही नको होतं, तिच्या बाजूने एक वाक्य हवं होतं. ‘हो सर, ती बरोबर सांगतेय,’ बस्स. मला माहीत होतं. रोज संध्याकाळी ते चाक मी फिरवलेलं होतं. आणि मी, वर्गात फळ्यापुढे उभी राहून ‘प्रश्न विचारा रे, प्रश्न विचारायला घाबरायचं नाही’ असं पंचवीस वर्षं सांगणारी मी, काय म्हणाले? “सानू, वाद नाही घालायचा. सर सांगतायत ना, तर ऐक.”

का म्हणाले? आमच्याकडे असंच म्हणतात म्हणून. सरांशी, डॉक्टरांशी, कचेरीतल्या साहेबांशी वाद घातला की आपलं वळण काढलं जातं. माझ्या आईने मला हेच सांगितलं, तिला तिच्या आईने. आमच्या चांगल्या घरांतल्या पोरी खरं-खोटं शिकायच्या आधी गप्प बसायला शिकतात. त्यात तो माणूस वयाने मोठा, गोड बोलणारा, चारचौघांत. जीभ आपोआप वळली.

एवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. घरी आल्यावर सानिका जेवली, झोपली. अण्णांना तिने सांगितलं नाही, मीही नाही. मी मनात हिशेब मांडत बसले : महिनाभर पोर राबलीय, एवढ्या-तेवढ्यासाठी बक्षीस कशाला घालवायचं? सकाळी ती अंघोळीला गेली. मी गाडी उचलली, मागच्या पेटीच्या फटीतून तो झटकन चिकटणारा गोंद आत सोडला आणि शंभर आकडे मोजले. मग बोटाने एक चाक फिरवलं. दुसरंही त्याच बाजूला फिरलं. माझा जीव भांड्यात पडला, हे लिहिताना आता लाज वाटते.

दुसऱ्या दिवशी अण्णाही आले होते, काळा चष्मा लावून, हौसेने. परीक्षकांनी चाक फिरवलं आणि ते प्रसन्न हसले. “शाब्बास! आता कशी शिस्तीत चालतात बघ.” सानिकाने माझ्याकडे बघितलं नाही. तिने गाडी खाली ठेवली, पुढची चाकं वळवली आणि बटण दाबलं. गाडी आठावर गेलीच नाही. फरफटत, घसटत, सरळ जाऊन टेबलाच्या पायावर आदळली. परीक्षक तोवर शेजारच्या ज्वालामुखीतला फेस बघण्यात गुंतले होते. अण्णांनी मात्र मान तिरकी केली. त्यांनी तो आवाज ऐकला होता. ते पुढे आले, वाकले, चाचपडत गाडी उचलली, एक चाक बोटाने फिरवलं. मग माझ्या दिशेने तो काळा चष्मा वळला. मला त्यांचे डोळे दिसत नव्हते, तरी मी खाली बघितलं.

“चला,” एवढंच म्हणाले, “चहा घेऊ कुठंतरी.”

दुसरा क्रमांक आला. प्रमाणपत्र, प्लॅस्टिकचा चषक, फोटो. फोटोत मी सगळ्यात जास्त हसतेय. अण्णा आठवडा संपायच्या आत कोपरीला परत गेले, डोळ्याचे थेंब स्वतः घालीन म्हणाले. सानिकाने ठोकळ्यांचा डबा आवरला, वर माळ्यावर ठेवला आणि पुन्हा कधी खाली काढला नाही. मी दोनदा-तीनदा म्हटलं, अगं, काहीतरी बनव की. ती म्हणायची, “नको, अभ्यास आहे.” अभ्यास आहे म्हणणाऱ्या मुलीला कुठली आई टोकते? सगळ्यांना वाटलं, मुलगी शहाणी झाली. मलाही तसंच वाटून घ्यायचं होतं.

आता ती अकरावीत आहे. उंच झालीय, केस कापलेत, बोलते कमी. गेल्या रविवारी आमच्या सोसायटीत टिटवाळ्याच्या पलीकडच्या एका पाड्यावरच्या शाळेसाठी जुनी खेळणी गोळा करत होते. “तो डबा देऊन टाकू या ना,” सानिकाच म्हणाली, आणि स्टुलावर चढून तिने तो काढला. धूळ झटकली. गाडी वरच होती, चार वर्षांपूर्वीची, जशीच्या तशी. मी ती हातात घेतली आणि का कोण जाणे, पण दुकानदाराच्या पाटीपुढे दोन दिवसांपूर्वी जे डोकं फिरलं होतं ते सगळं पुन्हा वर आलं.

“सानू, हे मी चिकटवलेलं,” मी म्हणाले. “त्या दिवशी सकाळी. तू अंघोळीला गेलेलीस.”

“माहितेय.”

“कधीपासून?”

“तेव्हाच कळलेलं. गाडी वळली नाही ना.”

“मग बोलली का नाहीस गं? भांडायचं होतंस माझ्याशी. ओरडायचं होतंस.”

ती गिअर वेगळे काढून मापाप्रमाणे एकेका पिशवीत भरत होती. आवाज जराही न चढवता म्हणाली, “तू म्हणालेलीस ना, वाद नाही घालायचा, ऐक. मग ऐकलं.”

चार वर्षं मी त्या परीक्षकाला शिव्या घालत होते. तो तर चार मिनिटं उभा होता आमच्यासमोर, त्याला माहीत नव्हतं, तो चुकला आणि निघून गेला. मला माहीत होतं. ‘माफ कर’ असं काहीतरी मी म्हणाले, पण ते इतकं पुटपुटत की तिला ऐकू गेलं की नाही सांगता येत नाही. हात रिकामे नकोत म्हणून मी पिशव्या डब्यात रचायला लागले आणि त्या भरात गाडीही आत ठेवली. तिने हात घालून ती बाहेर काढली.

“ही नको देऊस.”

मला वाटलं, आठवण म्हणून ठेवतेय. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. “ठेव हो,” मी म्हणाले, “तुझीच आहे.”

“ठेवायला नाही. अगं, ही वळत नाही. तिकडे ज्याला मिळेल त्याला वाटेल, असंच असतं.”

तिने स्वयंपाकघरातून पक्कड आणली आणि मागची पेटी दोन्ही बाजूंनी दाबून फोडली. आतले गिअर एकमेकांना चिकटलेले, एका गोळ्यासारखे, फरशीवर पडले. ते तिने केरात टाकले. मग कोपरीला फोन लावला, “अण्णा, ते बेव्हल आता ऑनलाइन मिळतात, पण माप तेच ना?” असं जोरजोरात विचारलं, कारण अण्णांना हल्ली ऐकू कमी येतं. पलीकडून ते काय म्हणाले मला कळलं नाही, पण ती हसली. बऱ्याच दिवसांनी हसली.

नवी पेटी काल आली. तिने गाडी पुन्हा जोडली, हॉलमध्ये खडूने आठ काढला, गाडी त्यावरून दोनदा फिरवली आणि मग डब्यात ठेवली. वर ठेवायला एक चिठ्ठी लिहिली आणि माझ्यापुढे धरली. “आई, शुद्धलेखन बघ गं. मराठी शाळा आहे ती.”

मी वह्या तपासायचं लाल पेन उघडून वाचायला लागले. ‘गाडी उचला. मोटर बंद असताना मागचं एक चाक हाताने पुढे फिरवा. दुसरं चाक उलटं फिरलं तर सगळं बरोबर आहे. कुणीतरी म्हणेल की ही चूक आहे. ऐकू नका. सर म्हणाले तरी ऐकू नका. आई म्हणाली तरी ऐकू नका.’

मी ती दोनदा वाचली आणि पेनाला टोपण लावलं.